इंजिन वाढवा

देवणीच्या पेठेत वीरण्णा सावकारांचं वैरणीचं दुकान आहे. सरकी पेंड, सोयाबीनची गुळी, कडबा, बैलांची दावी, घुंगरमाळा, आणि या सगळ्याच्या मधोमध कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे ओढून बसलेले स्वतः सावकार. दुकानाला लागूनच मागे घर. या दुकानात आणि त्या घरात शिव्या चालतात, शेजाऱ्यांची उणीदुणी चालतात, व्याह्यांच्या कंजूषपणावर तर रोज जेवताना चर्चा होते. फक्त एक शब्द चालत नाही. तो शब्द म्हणजे 'बंद'.

व्यापारी माणूस संध्याकाळी दुकान बंद करतो असं म्हणत नाही, वाढवतो म्हणतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. दिवाही वाढवतात, फुटलेली बांगडीही वाढते. पण शहाणी माणसं तेवढ्यावर थांबतात. वीरण्णांचे वडील महादेवप्पा थांबले नाहीत. त्यांच्या दुकानासमोर एकाचं कापडाचं दुकान होतं. त्या गृहस्थानं एका संध्याकाळी चारचौघांत 'चला, दुकान बंद करतो' असं म्हटलं आणि वर्षाच्या आत ते दुकान खरोखरच बंद पडलं. तो दुपारपासून पत्ते कुटत बसायचा आणि गल्ला मेहुण्याच्या हवाली करायचा, हे महादेवप्पांना चांगलं माहीत होतं. तरी त्यांनी दोष दिला शब्दाला. मेहुणा भांडायला आला असता, शब्द बिचारा कुणाच्या दारात येतोय?

वडलांची ही भीती वीरण्णांनी पुढे व्रत म्हणून पाळली, आणि व्रत म्हटल्यावर मिरवणंही आलं. "आमच्या घराण्यात त्यो शब्द कुणाच्या तोंडून निघालेला न्हाई," असं ते गिऱ्हाइकांना पेंड मोजून देताना सांगत. नळ वाढवायचा, दार वाढवायचं, मोबाईल वाढवायचा. कशाचा तरी निषेध म्हणून गावातली दुकानं उघडली नाहीत, तर सावकार ओट्यावर बसून सांगायचे, "आज देवणी वाढलीय." माल संपला तरी तो 'वाढला'च. "सावकार, पेंड हाय का?" "वाढली." गिऱ्हाइकाला वाटायचं भाव वाढला, आणि ते मुकाट पलीकडच्या दुकानात जायचं. लोकांना आता भाषेची कदर राहिली नाही, म्हणून वीरण्णा हळहळायचे.

मुलाचं, अमरेशचं लग्न झालं आणि नांदेडहून वर्षाराणी सून म्हणून घरात आली. पहिल्याच दिवशी सासरे जेवायला बसले तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं ताटातली शेंगदाण्याची चटणी उडायला लागली. "पोरी, पंखा वाढव," सासरे म्हणाले. शहाण्या सुनेनं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. चटणी सावकारांच्या डोळ्यांत गेली. त्यांची बायको गुरम्मा पदर तोंडाला लावून आत पळाली आणि हसून झाल्यावर सुनेला बोलावून समजावू लागली, "या घरात वाढव म्हंजी..." पुढचा शब्द काही तिच्याच्यानं उच्चारवेना. लग्न होऊन आल्यापासून तिनंही तो तोंडातून काढला नव्हता. शेवटी तिनं हात पुढे केला आणि मूठ मिटून दाखवली. वर्षाराणीला समजलं. तेव्हापासून सासू-सुनेत ती मूठच बोलायची.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चटणीवर निभावणारं कुठलंही खूळ माणसाला परवडतं. पण मग अमरेशच्या डोक्यात बेलर शिरला.

देगलूरकडे भात निघाला की पेंढा शिवारात पसरून राहतो, आणि इकडे देवणीच्या गोठ्यांना वैरण पुरत नाही. बेलर म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडायचं यंत्र. ते समोरून पेंढा गिळतं, पोटातल्या रबराच्या रुंद पट्ट्यांवर तो गरगर फिरवून घट्ट गुंडाळतं आणि मागचं दार वर उचलून पिंपाएवढी गुंडाळी जमिनीवर टाकतं. मशीन आलं तेव्हा सगळी पेठ बघायला लोटली. विकणाऱ्यांकडचा एक तरुण इंजिनिअर ते समजावून द्यायला आला होता. बिचाऱ्यानं घसा फोडून सांगितलं. पट्ट्यांना हात लावायच्या आधी इंजिन बंद करायचं, चावी काढून स्वतःच्या खिशात टाकायची, सगळं फिरायचं थांबेपर्यंत लांब उभं राहायचं. मागचं दार वर उचलून आत वाकायचं असेल तर दाराचा अडसर आधी लावायचा, नाहीतर दार पाठीवर येतं. मगच पट्ट्यांचे जोड तपासायचे, कडा उसवल्यात का बघायचं, रुळांना गुंडाळलेला पेंढा सोडवायचा, आणि एखादा पट्टा कडेला सरकत असेल तर ताण सारखा करायचा.

वीरण्णांनी यातलं काहीच ऐकलं नाही. ते फक्त एक शब्द मोजत बसले होते. इंजिनिअरनं 'बंद' म्हटलं की हे 'शिव शिव' म्हणून कानाला हात लावायचे.

"अहो, वाढवा म्हणा, वाढवा."

"पण काका, इंजिन वाढवलं तर हात जाईल."

"बोलायची एक रीत असते, साहेब. तुमच्या कालेजात शिकवत न्हाईत का?"

शिवाय पट्ट्यांबद्दल वीरण्णांना शिकवणारा हा कोण? तरणेपणी त्यांनी घरची पिठाची गिरणी चालवली होती. गिरणीचा पट्टा घसरला की ते चालत्या चाकावरच काठीनं आणि हातानं रेटून चढवायचे, वरून मूठभर राळ फेकायचे. गिरणी थांबवणं त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा हात शाबूत राहिला तो केवळ नशिबानं, पण नशिबाचं श्रेय स्वतःला घ्यायला कुणाची ना नसते. बेलर आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याच्याही पट्ट्यांना राळ चोपडली. पट्टे असे चिकट झाले की पेंढा सुटेना, आणि अमरेश दिवसभर कोयत्याच्या टोकानं तो खरवडत बसला.

मशीनच्या मागच्या दाराशेजारी एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. 'पट्ट्यांना हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करा. चावी काढा.' हे अमंगळ अक्षर रोज डोळ्यांसमोर ठेवून धंदा कसा करायचा? पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग दुकानात पडला होता. सावकारांनी तो घेतला, 'बंद करा'पासून पार शेवटपर्यंत जाड थर दिला, आणि तो वाळल्यावर त्यावर चुन्यानं सुबक अक्षरात लिहिलं, 'वाढवा'. आता चिठ्ठी अशी झाली: 'पट्ट्यांना हात लावण्यापूर्वी इंजिन वाढवा.' वीरण्णांनी दोन पावलं मागे सरून ती वाचली आणि त्यांना फार बरं वाटलं.

"अप्पा, याचा अर्थच उलटा झाला की," अमरेश म्हणाला.

"अर्थ मनात असतोय," वीरण्णा म्हणाले. बापापुढे बोलायची छाती नसल्यानं अमरेशनं अर्थ मनातच ठेवला.

आणि खरोखर त्यानं काही बिघडलं नाही, कारण ट्रॅक्टरवर शेषेराव होता. तो दुकानात जुना. सावकार ओरडले 'वाढव', की शेषेराव इंजिन बंद करायचा, जणू पंचांगात तसंच लिहिलं होतं. सावकार मग खुशाल आत वाकून पट्टे चाचपायचे. कधी कधी तर ते ओरडायच्या आधीच हात घालायचे. वीरण्णा रोज सकाळी आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग सोडत, डाव्या तळहातावर घेत आणि त्याची पूजा करत. तोच हात दुपारी पट्ट्यांत असायचा.

"त्या हातावर लिंग घेता," गुरम्मा एकदा म्हणाली. "त्यो हात तरी त्या रबरात घालू नगा. उद्या तळहातच न्हाई राहिला तर पूजा कशावर करायची?"

"ज्या हातावर शिव बसतोय, त्याला काय होतंय?" वीरण्णा म्हणाले. या युक्तिवादावर ते स्वतःच इतके खूश झाले की त्यांनी तो पेठेत चार जणांना ऐकवला.

पुढे शेषेराव स्वतःची शेती बघायला गावी गेला आणि त्याच्या जागी कंधारकडचा आदिनाथ आला. पोरगा गुणी, मान खाली घालून काम करणारा, आणि लिहिलेलं वाचणारा. पहिल्या दिवशी त्यानं मशीनभोवती फेरी मारली, चिठ्ठीपाशी थबकला आणि डोकं खाजवून विचारलं, "सावकार, पट्ट्याला हात लावायच्या आधी इंजिन वाढवायचं कामून?"

घरातली मूठ त्याला कुणी दाखवली नव्हती. सावकारांनी तरी नीट सांगावं? पण लिहिलेल्यावर शंका म्हणजे लिहिणाऱ्यावर शंका. "तितं लिवलंय तसं कर," ते गुरकावले. "लिवणारा खुळा न्हाई." आदिनाथनं मान हलवली. लिहिणारा कोण हे त्याला कुठे ठाऊक होतं?

खंडेनवमी आली. भाताचा हंगाम तोंडावर होता. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बेलर धुऊन पुसून उभा केला. पेठेतले दहा-पंधरा जण पूजेला आले होते. आदिनाथनं सकाळीच सांगितलं होतं, "सावकार, डाव्या अंगाचा पट्टा कडेला घासून राहिलाय. त्याचा जोडही उसवल्यासारखा दिसतोय. आधी त्ये बघून घेऊ." पण पूजेआधी हत्यार खोलायचं नसतं, असा नियम वीरण्णांनी तिथल्या तिथे तयार केला. मग त्यांनी दुसरा नियम केला. मुक्या मशीनची पूजा करायची नसते, मशीन चालू पाहिजे. लोकांनी माना डोलावल्या. फुकटच्या नियमाला माना डोलवायला काय जातं?

आदिनाथ ट्रॅक्टरवर चढला. मागचं दार वर उचललेलं होतं आणि त्याचा अडसर लावलेला नव्हता. पट्टे सावकाश फिरू लागले. खांद्यावर रेशमी उपरणं घेतलेल्या वीरण्णांनी पत्र्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले, नारळ वाढवला आणि झेंडूचा जाड हार दाराच्या कडेला अडकवला. हार घसरला, आत पट्ट्यावर पडला आणि पट्ट्याबरोबर निघाला. लोक हसले. वीरण्णाही हसले. हार काढता काढता त्यांना तो कडेला घासणारा पट्टाही दिसला, आणि अंगातला गिरणीवाला जागा झाला. एका हातात पूजा आणि दुसऱ्या हातात दुरुस्ती, लोकांनाही दिसेल सावकार काय चीज आहे. त्यांनी डावा हात आत घातला आणि पट्टा रेटला. उपरण्याचं टोक पट्टा आणि रूळ यांच्या मधे गेलं, मनगटाला वेढा पडला आणि हात आत ओढला जाऊ लागला.

"वाढव!" वीरण्णा ओरडले. "अरे वाढव!"

आदिनाथचं तोंड पुढे होतं. मागे काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. सावकार 'वाढव' म्हणून राहिलेत, म्हणजे पट्ट्याला हात लावायचा असेल, चिठ्ठीतलं कलम आलं. त्यानं रेस वाढवली.

"वाढव! मायला, वाढव की!"

त्यानं आणखी वाढवली.

हसायचं ते इथपर्यंतच. पुढे जे झालं त्यात हसण्यासारखं काही नाही. उपरणं ताणून दोरीसारखं झालं होतं आणि वीरण्णांचा खांदा दाराच्या पत्र्याला टेकला होता. त्यांना त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. आदिनाथ काय समजतोय ते कळलं, आणि कुठला शब्द उच्चारला तर हे थांबेल तेही कळलं. शब्द घशातून वर आला, जिभेपर्यंत आला. समोर सगळी पेठ उभी होती. ज्यांच्यापुढे रोज पेंड देताना घराण्याचा टेंभा मिरवला होता, तीच माणसं. वीरण्णांनी शब्द गिळला आणि नुसते गुरासारखे ओरडले.

"बंद कर!"

आवाज गुरम्माचा होता. आरतीचं ताट खाली पडलं होतं. "आदिनाथ, अरे बंद कर! बंद! बंद! बंद!" इतकी वर्षं साठवून ठेवलेला तो शब्द ती अशी ओरडत सुटली की पेठेच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेला. आदिनाथनं दचकून इंजिन बंद केलं. पट्टे थांबले. चौघांनी मिळून उपरणं कापलं तेव्हा हात बाहेर आला. तळहात होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

अमरेशनं बापाला गाडीत घातलं आणि जाता जाता आदिनाथची गचांडी धरली. आदिनाथ रडत होता. त्यानं हात धरून अमरेशला मशीनच्या मागे नेलं आणि चिठ्ठीच्या अक्षरांखालून बोट फिरवत मोठ्यानं वाचून दाखवलं. "पट्ट्यांना हात लावण्यापूर्वी इंजिन वाढवा." सगळ्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं. अमरेशनं गचांडी सोडली.

उदगीरच्या दवाखान्यातून वीरण्णा हात बांधून घरी आले. भेटायला रीघ लागली. "कसं झालं सावकार?" कुणीही विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. "काय न्हाई, दोन बोटं वाढली." देगलूरहून आलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आत्यानं हात जवळ ओढून निरखून पाहिला. "वाढली म्हंतोस, मला तर कमीच दिसून राहिलीत," ती म्हणाली. वर्षाराणीला हसू आवरेना, म्हणून ती चहा टाकायला उठली.

बँडेज निघाल्यावर वीरण्णा पहिल्यांदा पूजेला बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. दोन बोटांचा आधार गेला होता, लिंग कलंडायला लागलं. समोर बसलेल्या गुरम्मानं पटकन आपला तळहात त्यांच्या हाताखाली धरला. तिच्या हातावर त्यांचा हात, त्यांच्या हातावर शिव. वीरण्णांनी बेल वाहिला, डोळे मिटले आणि म्हणाले, "त्या दिवशी भर पूजेत तू त्यो शब्द बोलली नसतीस, तर ह्ये झालं नसतं."

गुरम्मानं हात काढला नाही. काढला असता तर लिंग पडलं असतं. पूजा पुरी होऊन त्यांनी लिंग गळ्यात घालेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठली, शेडमध्ये गेली, ट्रॅक्टरला लटकलेली चावी काढली आणि कमरेला खोचली. वर्षाराणी तिच्या मागोमाग रॉकेलचा बोळा घेऊन गेली. शिंगांचा लाल रंग निघाला, आणि खालचं अक्षर जसंच्या तसं वर आलं.

देगलूरकडून फोन सुरू झाले. भात निघाला, मशीन कधी येतंय? अमरेश आईकडे गेला. "अव्वा, चावी."

"ज्यानं पट्ट्यात हात घातला त्याला पाठव," गुरम्मा म्हणाली. "पट्ट्याला हात लावायच्या आधी मशीन काय करायचं, त्ये आदिनाथला त्यांनी सोताच्या तोंडानं सांगायचं. मंग चावी."

वीरण्णा रुसले. जेवताना बोलेनासे झाले. बायकोला अक्कल नाही, घराणं बुडवायला निघालीय, असं ते भिंतीला ऐकवू लागले. पण रोज सकाळी पूजेला बसलं की हाताखाली तो हात यायचाच, आणि त्या हाताला काही बोलता यायचं नाही. शिवारातला पेंढा मात्र कुणाचा रुसवा निघेपर्यंत थांबत नाही. तेलंगणातून दुसऱ्या कुणाचा बेलर आल्याची बातमी आली, तेव्हा सावकारांनी आदिनाथला दुकानात बोलावलं. गुरम्माही आतल्या दारात येऊन उभी राहिली. शिवमूर्ती नावाचं गिऱ्हाईक पेंडीसाठी ओट्यावर टेकलेलं होतं.

"आदिनाथ," वीरण्णा गल्ल्याकडे बघत म्हणाले, "पट्ट्याला हात लावायच्या आधी इंजिन वाढ..."

दारात गुरम्मानं चावीवर मूठ मिटली. वीरण्णांनी ती मूठ पाहिली.

"...बंद," ते पुटपुटले.

"त्याला ऐकू न्हाई आलं," गुरम्मा म्हणाली.

"बंद करायचं!" वीरण्णा ओरडले. "इंजिन बंद करायचं, चावी खिशात घालायची, दाराचा अडसर लावायचा, मंग हात लावायचा! ऐकलास का?"

"हाव, सावकार," आदिनाथ म्हणाला.

शिवमूर्ती दचकून उठला. "कामून सावकार, दुकान बंद करून राहिलात का?"

"न्हाई हो. मशीनचं बोलून राहिलो. बसा तुमी."

छत कोसळलं नाही. शिवमूर्ती पुन्हा बसला आणि पेंडीचा भाव विचारू लागला. वीरण्णा दारापाशी गेले आणि हात पुढे करून दातओठ खात म्हणाले, "झालं समाधान?"

गुरम्मानं मूठ उघडून चावी त्यांच्यासमोर धरली. तिचे डोळे भरून आले होते आणि रागही गेला नव्हता.

"ह्येच तवा बोलला असता," ती म्हणाली, "तर आज ही चावी धा बोटांनी घेतली असती."

वीरण्णांनी डावा हात मागे घेतला आणि चावी उजव्या हातानं उचलली.